चेअरमनच्या गाडीचे टायर

"टायर आणायला तू कशाला?" मोहनरावांनी विचारलं.

"परळीत काम हाय माजं," गीताबाई म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. काम काहीच नव्हतं.

मोहनराव दूध संघाचे चेअरमन. दुष्काळाचं तिसरं वर्ष चाललेलं. गावोगावची जनावरं चारा छावणीत आणि संघाचं दूध निम्म्यावर आलेलं. चेअरमननं करावं असं फारसं काही उरलं नव्हतं. म्हणून की काय, मोहनराव दिवसभर या छावणीवरून त्या छावणीवर गाडी पळवत. गाडी मूळची उत्तरेश्वरची, त्यांच्या पोराची. त्यानं पुण्यात मोठी गाडी घेतली आणि ही निळी, बुटकी, पळायला जन्मलेली गाडी बापाकडं पाठवून दिली. नुसता पाय ठेवायचा अवकाश, माणूस सीटला चिकटायचा. बासष्टाव्या वर्षी मोहनरावांना तिची चटक लागली.

मागच्या आठवड्यात धर्मापुरीच्या वळणावर गाडीचं मागचं अंग फिरलं आणि ती थेट बाभळीच्या बुंध्यापाशी जाऊन थांबली. मोहनराव ते हसत हसत सांगत घरी आले. त्या दिवसापासून ते बाहेर पडले की गीताबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शहादेवचं टायरचं दुकान थर्मल वीज केंद्राच्या रस्त्यावर होतं. दुकानाच्या पत्र्यावर, पाटीवर, समोरच्या कडुलिंबावर राखेचा थर. शहादेवनं उकिडवं बसून चाकावरून तळहात फिरवला.

"साहेब, ह्याला टायर म्हणू नका. पार टक्कल पडलंय."

त्यानं आतून दोन नमुने आणले. एक कडक रबराचा, जाड बाजूचा, बरीच वर्षं टिकणारा. दुसरा खास अशा गाड्यांसाठीचा, रुंद, मऊ रबराचा. "ह्यो रस्त्याला धरून बसतो. पर उन्हात लवकर झिजतो, आन् खड्ड्यात आदळला तर बाजू फुटायची भीती."

"मऊवाला," मोहनराव लगेच म्हणाले. तेवढ्यात छावणीवरून फोन आला. कडब्याच्या गाड्या अडकल्या होत्या. ते बोलत बोलत रस्त्याच्या कडेला गेले.

गीताबाई पुढं सरकल्या. "शहादेव, त्यांला सांग, मऊ टायर या मापात न्हाईत म्हणून. कडकच बसव."

"काकू?"

"ते बसवले तर हा माणूस उडत जाईल. मला बाभूळ दिसती रे डोळ्यापुढं."

"काकू, साहेब टायर बघून गाडी हाकीत न्हाईत. टकल्या टायरवर सुदा ते पळवीतच व्हते ना? टँकर रस्त्यावर पाणी सांडत जातो, त्यात ही राख. साबण लावल्यावानी रस्ता व्हतो. तितं ब्रेक दाबला तर मऊ टायर आदी थांबंल. कडक थांबंल, पर म्होरं जाऊन."

"किती म्होरं?"

"दोन माणसं आडवी झोपतील इतकं. कदी जास्त."

तिथंच त्यांनी थांबायला हवं होतं. पण मोहनराव फोन ठेवून येताना दिसले, आणि भीतीच्या भरात त्या पुटपुटल्या, "तू सांग म्हणते ना."

शहादेवनं सांगितलं. मोहनरावांचं तोंड उतरलं. "बरं मग. कडक तर कडक."

गाडी जॅकवर चढली. पहिलं चाक बसलं, दुसरं बसलं. गीताबाई बाकावर बसून बघत होत्या. त्यांच्या गावात वेशीजवळच्या उतारावर टँकर थांबायचा. घागरी, कळशा घेऊन बाया त्याच्यामागं पळायच्या. छबुबाई, कडूबाई, त्यांच्या कडेवरची लेकरं. कुणाचं लक्ष रस्त्याकडं नसायचं. खाली चिखलाची हीऽऽ राड. दोन माणसं आडवी झोपतील इतकं म्होरं.

त्या उठल्या. "शहादेव, काड ते."

मोहनराव चमकले. "काय झालं?"

"मऊ टायर हायेत ह्याच्याकडं. मीच खोटं बोलायला लावलं."

मोहनरावांनी शहादेवकडं पाहिलं, मग बायकोकडं. "मला पोरासारकं फसवलं व्हय?" ते हळू म्हणाले. त्यांचं ओरडणं गीताबाईंना सोसलं असतं.

"तुमी कुटं ऐकता माजं? मग काय करू मी?"

शहादेवनं चाकं उतरवली आणि मऊ टायर चढवले. ते निघताना तो म्हणाला, "साहेब, नवे हायेत. पयले दोन-तीनशे किलोमीटर दमानं घ्या. आन् खड्डे बगून."

परतीच्या वाटेवर गाडी साठाच्या वर जात नव्हती. गीताबाईंची नजर काट्यावर आणि हात दरवाजाच्या कडीला. ते टायरसाठी हळू चालवत होते, की रागानं, हे त्यांना कळेना.

धर्मापुरीच्या अलीकडं टँकर नुकताच पुढं गेला होता. रस्ताभर ओल. वळण संपलं आणि समोर मेंढरंच मेंढरं, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मधोमध एक म्हातारी, पाठमोरी.

मोहनरावांनी ब्रेक दाबला. गीताबाईंनी डोळे मिटले. पट्टा छातीत रुतला, गाडी थरथरली, नाक खाली घालून उभी राहिली. डोळे उघडले तेव्हा एक मेंढी बॉनेटला अंग घासत निवांत चालली होती.

म्हातारी वळली. साखराबाई होती, चाऱ्यासाठी रानोरान फिरणारी. "डोळे हायेत का बटनं, बे?" ती कडाडली. मग काचेआड चेअरमन ओळखून नरमली. "मोहनराव, लई जोरात न्हवता म्हून वाचले बगा."

मेंढरं जाईपर्यंत गाडी तिथंच उभी होती.

"आज रोजच्यासारका पळवीत असतो तर..." ते म्हणाले आणि थांबले.

गीताबाईंनी दरवाजाची कडी सोडली.

"तर ह्ये टायरबी पुरले नसते," मोहनरावांनीच वाक्य पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छावणीवर निघाले. गीताबाई भाकरी थापत होत्या, पण कान बाहेर. गाडीचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला, मग नाही. पाऊण तास गेला. एक भाकरी करपली.

फोन वाजला.

"पोचलो," मोहनराव म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असा फोन कधी केला नव्हता. "निगताना बी करतो."

"बरं," गीताबाई म्हणाल्या, आणि तव्यासमोर तशाच उभ्या राहिल्या.