बोरीवरची अमरवेल

मीराबाईने कुऱ्हाडीचा दांडा दिराच्या नडगीवर हाणला. लटारू कुंपणाजवळच मटकन खाली बसला.

"वयनी, पागल झाली का तू? काऊन मारून राह्यली?"

"तूनच टाकली अमरवेल माह्या बोरीवर."

"मी काऊन टाकीन? जंगलातून आली असन."

"जमिनीतून आली तं बुडापासून चढते. हे शेंड्यावर कशी बसली? उडून आली का?"

लटारू नडगी चोळू लागला. आलापल्लीच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेत अठरा वर्षं राबलेल्या बाईला अमरवेल शिकवायला निघाला होता, शहाणा! या वेलीला पान नाही. आधार सापडला की ती स्वतःचं मूळही सोडून देते, फांद्यांना विळखे घालते आणि सालीत बारीक दात रुतवून झाडाचा रस पिते. हातभर तुकडा दुसऱ्या झाडावर भिरकावला, तर तिथंही संसार थाटते. दोन घरांमधल्या कुंपणावरून भांडण झाल्यावर लटारूने नेमकं तेच केलं होतं.

पावसाळाभर मीराबाईने वेल ओरबाडली. बोटभर दोरा कुठेतरी राहायचा आणि आठवड्यात बोर पुन्हा पिवळी व्हायची. आज सकाळी वेलीला पांढरी फुलं दिसली. आता बी पडणार, गावभर पसरणार. झाड पाडून जाळण्यावाचून इलाज नव्हता.

ती बोर तिच्या नवऱ्याची, बापूरावांची. सागाचा ओंडका कमरेवर पडल्यापासून चार वर्षं ते दारातल्या खाटेवर पडून होते. दिवसभर बोरीवरची पाखरं बघायची, एवढंच जग उरलं होतं. सख्ख्या भावाने तेच मारलं. याला माणूस म्हणायचं?

"ऊठ. दोर वढ," बोरीला बांधलेल्या दोराचं टोक त्याच्यापुढे टाकत मीराबाई म्हणाली.

"दादा पाहून राह्यला, वयनी."

"पाहू दे!" तिने पुन्हा दांडा उगारला.

लटारू लंगडत उठला. ती बोरीच्या बुंध्यावर घाव घालत राहिली. कच्ची बोरं तिच्या डोक्यावर, पाठीवर सडसड पडली. दोर ताणला, बुंधा कडाडला आणि झाड अंगणात आडवं झालं. तिने त्यावर पालापाचोळा रचून काडी लावली. ओली वेल चरचरत जळू लागली.

"मीरा," बापूरावांनी हाक मारली. "लटारूले लई लागलं का?"

"लागलं."

"हळद लाव त्याले." त्यांनी जळत्या बोरीवरून नजर काढली. "अन् मले भिंतीकडं वळव."

मीराबाईने लुगड्याला हात पुसले. त्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना हळूच भिंतीकडे वळवलं. लटारूसाठी हळद मात्र काढली नाही.