शंभर टक्के हजर

गिलियनने कॉम्प्युटरची स्क्रीन एसोहेकडे वळवली आणि पेन्सिलीच्या टोकाने एका हिरव्या रांगेवर ठोकलं.

"हे बघ. आज सकाळी दहाचं लेक्चर, नऊ अठ्ठावन्नला हजेरीचं कार्ड टेकवलंय. काल तीन तास, परवा दोन. सप्टेंबरपासून पोराने एक तास चुकवला नाहीये. आणि तिकडे बेनिन सिटीत बहीण फोनवर रडतेय, की भाऊ तीन आठवडे फोन उचलत नाही."

"इवी," एसोहे म्हणाली. "त्याची मोठी बहीण."

"असेल. तिला मी काहीच सांगू शकत नाही, नियमच आहे तसा. पण ओसागिए तुझ्यावर सोपवलेल्या आठ नव्या पोरांपैकी ना? तुला दिसतो की नाही?"

परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत गिलियनची एकवीस वर्षं झाली होती. या काळात शेफील्डला आलेल्या निम्म्या परदेशी पोरांना तिने कधी ना कधी स्वतःच्या मगातला चहा पाजला होता. ती प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट बघायची. या शहरात असं करणारी माणसं फार नव्हती.

एसोहेने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"दिसतो की. सकाळीच दिसला."

"सुटले बाई." गिलियनने स्क्रीन परत फिरवली. "नाहीतर कुणाला तरी पाठवावं लागलं असतं दार ठोठावायला."

बाहेर येऊन एसोहे जिन्यात थांबली. ओसागिएला तिने शेवटचं पाहिलं होतं ते एक ऑक्टोबरला, नायजेरियाच्या स्वातंत्र्यदिनाच्या जेवणात. तेव्हा त्याने ताटातला भात कडेकडेने खाल्ला होता आणि मधला तसाच ठेवला होता. आज सकाळी त्याचं कार्ड मशीनवर कुणी टेकवलं, हे तिला ठाऊक होतं. कार्ड त्याच्याच लेक्चरना बसणाऱ्या पायसकडे होतं. पायसने ते महिन्याभरापूर्वी नायजेरियन विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलंही होतं, आणि तिने त्यावर होकाराचा अंगठा टाकला होता.

नियम तिचाच होता. विद्यापीठाची स्वागतपुस्तिका बेचाळीस पानांची होती, गुळगुळीत कागदाची, आणि ती कुणी वाचत नसे. एसोहेची यादी मात्र एकाच मेसेजात मावायची आणि नायजेरियाहून येणारा प्रत्येक नवा विद्यार्थी विमानात बसायच्या आधी ती वाचायचा. कोट तिकडून आणू नका, इथे जुना घ्या. धडधाकट असतानाच डॉक्टरकडे नाव नोंदवा. मिरच्या परतताना खिडकी उघडा, नाहीतर भोंगा वाजतो आणि सगळी इमारत चपला घालून रस्त्यावर उभी राहते. जाता जाता कुणी "कसं काय" विचारलं तर थांबून सांगत बसू नका, तो प्रश्न नसतो. आणि नववा नियम: लेक्चरला जमणार नसेल तर कार्ड मित्राकडे द्या. मशीनला माणूस कळत नाही, कार्ड कळतं.

हा नियम तिला इटोहानमुळे सुचला होता. इटोहान तिच्या पहिल्या वर्षीची शेजारीण. पाठ धरली म्हणून पडून राहिली, कुणाला कळवलं नाही, तास बुडत गेले, आलेल्या ईमेल उघडल्या नाहीत. डिसेंबरात तिचा व्हिसा गेला आणि तिला परत जावं लागलं. त्यानंतरच्या तीन वर्षांत एसोहेच्या माणसांपैकी एकाचाही गेला नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

पायस तिला लेक्चर हॉलच्या दाराशीच सापडला. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने खिशातली कार्डं चाळत होता.

"ताई! कुणीकडे आज? संशोधकांचे पाय जमिनीला लागले म्हणायचे."

"ओसागिए कुठाय?"

"ओसागिए? हा काय." त्याने ओसागिएचं कार्ड दोन बोटांत धरून दाखवलं आणि हसला. "पहिल्या रांगेत बसणारा विद्यार्थी आहे. माझी स्वतःची हजेरी ब्याऐंशी टक्के, त्याची शंभर. स्वतःसाठी कधी एवढा पळालो नाही गं मी."

"पायस, तू त्याला बघितलंस कधी शेवटचं?"

त्याचं हसू जरा मागे सरलं. "बघितलं म्हणजे... ऑक्टोबरच्या मध्यात. म्हणाला, डोकं दुखतंय, उद्याचा दिवस कार्ड ठेव. मग मागायला आलाच नाही. मी मेसेज टाकायचो, आराम कर रे बाबा. तो अंगठा पाठवायचा."

"आणि मग?"

"मग अंगठा पण बंद झाला. मला वाटलं, कुठल्यातरी गोदामात व्हिसाच्या मर्यादेपेक्षा जादा पाळ्या करत असेल." त्याने आवाज खाली आणला. "असलं कुणाला विचारत नाहीत, ताई. तुलाही माहितीय. आपण झाकायचं आणि गप्प बसायचं."

एसोहेने हात पुढे केला. पायसने कार्ड तिच्या तळहातावर ठेवलं. तो जानेवारीत आलेल्या तुकडीतला होता, त्याची लेक्चर्स या सेमिस्टरला संपणार होती.

"मी काही चुकलो का?" त्याने विचारलं.

"तास सुरू होतोय तुझा," ती म्हणाली.

ओसागिएचं घर क्रूक्समूरच्या चढावर होतं. खालच्या मजल्यावरच्या ग्रीक मुलाने दार उघडलं, तोंडात टूथब्रश तसाच.

"वरचा? तो राहतो का अजून?" असं म्हणून तो आत निघून गेला.

वरच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत हीटर बंद होता, थंडी इतकी की बोलताना वाफ निघावी. ओसागिए पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, कोट घालून, वरून रजई. टेबलावर पाच कप, पाचही कपांत चहाचा वाळलेला तवंग. त्याची दाढी वाढली होती आणि चेहरा लहान झाला होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्यामागे, जिन्याकडे.

"विद्यापीठाने पाठवलं तुला?"

"नाही. मीच आले."

"अच्छा." त्याने मान हलवली. काहीतरी आकडेमोड चुकल्यासारखी.

ती पलंगाच्या कडेला बसली. काय होतंय, असं तिने विचारलं नाही. आजाऱ्यांच्या नोंदी वाचण्यातच तिची संशोधनाची वर्षं गेली होती. तिने कप गोळा केले, हीटर लावला, पाणी आणून दिलं. अर्धा पेला प्यायल्यावर तो आपणहून बोलायला लागला.

"फोन वाजायचा. इवीचं नाव दिसायचं. मी बघत बसायचो. उचलणं म्हणजे काय करायचं, तेच सुचायचं नाही. हात माझाच, फोन माझाच." तो थांबला. "मग म्हटलं, असू दे. ते येतीलच."

"कोण?"

"पुस्तिकेत आहे ना. पान एकतीस. दहा तास चुकले की फोन करतात. वीस चुकले की माणूस दारावर येतो. फोन मी उचलणार नव्हतो, म्हणून मी विसाचा हिशोब धरला. बुधवारपासून गेलो नाही. त्या आठवड्याचे सात, पुढच्याचे बारा, एकोणीस. म्हणजे सोमवारी अकराला वीस पूर्ण." तो हे शांतपणे सांगत होता, प्रयोगवहीतलं वाचून दाखवल्यासारखं. "सोमवारी मी तोंड धुतलं. शर्ट बदलला. दाराची कडी काढून ठेवली. म्हटलं, माझ्याने उठवलं नाही तर त्याला आत येता यावं."

एसोहे रजईच्या शिवणीकडे बघत होती.

"कुणी आलं नाही. मग वाटलं, प्रयोगशाळेचे तास धरत नसतील. तसे धरले तर गुरुवार येतो. गुरुवारी पुन्हा शर्ट बदलला. मग वाचनाची सुट्टी लागली, ती वगळली." त्याने पेला खाली ठेवला. "नंतर गणित सोडून दिलं. म्हटलं, आपण इथे आहोत हेच कुणाच्या लक्षात नसेल."

तिने कार्ड खिशातून काढून रजईवर ठेवलं. ओसागिएने ते उचललं, त्यावरचा स्वतःचा फोटो पाहिला.

"पायस टेकवत होता," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. त्याला वाटलं..."

"रोज?"

"रोज."

"एक दिवसही विसरला नाही?"

"नाही."

ओसागिएने कार्ड उलटं करून रजईवर ठेवलं. एसोहेच्या प्रबंधाचा विषय दवाखान्यांच्या नोंदवह्या हा होता. जिथे माहिती नसते तिथे नर्स अंदाजाने आकडा भरते, आणि रिकामी जागा निदान विचारायला तरी लावते, भरलेली तेवढंही करू देत नाही, असं तिने दुसऱ्या प्रकरणात दोनशे वह्या तपासून सिद्ध केलं होतं. तिचे मार्गदर्शक त्या प्रकरणावर खूश होते.

दुसऱ्या दिवशी एसोहे त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर भली बाई निघाली. तिने ओसागिएला चाळीस मिनिटं दिली, गोळ्या लिहून दिल्या आणि विद्यापीठासाठी पत्र दिलं: पंधरा ऑक्टोबरपासून अभ्यास करण्याच्या स्थितीत नाही. त्या पत्रावर वर्ष थांबवता आलं असतं, पुढच्या सप्टेंबरात पुन्हा सुरू करता आलं असतं. नाहीतर दोन निबंध आणि एक अहवाल यांची मुदत टळून गेलीच होती. त्यांत नापास म्हणजे अभ्यासक्रम संपला, आणि पाठोपाठ व्हिसाही.

मंगळवारी दुपारी दोघं गिलियनकडे निघाली. ट्राममध्ये एसोहे म्हणाली, "नियम माझा होता. काय झालं ते मी सांगणार आहे."

ओसागिए खिडकीबाहेर बघत होता. "पायसचं काय करतील?"

"माहीत नाही."

"माहितीय तुला," तो म्हणाला.

गिलियनने पत्र दोनदा वाचलं. तिने त्याच्यासमोर बिस्किटांचा डबा सरकवला आणि त्याने एक उचलेपर्यंत ती बोलली नाही.

"आधी का नाही आलास रे बाळा? बरं, असो. आता आलास. अर्ज मी आजच भरते." मग तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि पेन्सिल हातातच राहिली. "फक्त एक अडचण आहे. समिती सगळ्यात आधी हेच उघडते. पंधरा ऑक्टोबरपासून तू अंथरुणात, असं डॉक्टर म्हणते. आणि इथे तू रोज लेक्चरला. गेल्या गुरुवारपर्यंत, दोन-पाच मिनिटं आधी येऊन. ते म्हणतील, हा रोज वर्गात बसू शकतो, मग दोन पानं का लिहू शकत नाही?"

तिने चष्मा काढला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ती मूर्ख नव्हती. एकवीस वर्षांत तिने पोरांच्या खिशांत किती कार्डं पाहिली असतील, ते तीच जाणे.

"कार्ड तुझ्याच जवळ होतं ना? नसेल तर सांग. मला मग ते वर कळवावं लागेल, कुणाकडे होतं आणि कुणाकुणाला माहीत होतं. ते माझ्या हातात नाही. पण तुझा अर्ज मात्र टिकेल."

एसोहेने वाक्य तयार ठेवलं होतं. ट्राममध्ये, जिन्यात, दारापाशी तिने ते मनात तीनदा म्हटलं होतं. सुरुवात "चूक माझी आहे" अशी होती. तिने श्वास घेतला. पायसचं हे शेवटचं सेमिस्टर तिच्या डोळ्यांसमोर आलं, ग्रुपमधली एकोणतीस नावं आली, आणि स्वतःचा प्रबंध, ज्याची आता फक्त दोन प्रकरणं राहिली होती. तिने श्वास सोडला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा तीन घरं पुढे गेला. मग चौथं.

"माझ्याजवळच होतं," ओसागिए म्हणाला. "मी येत होतो."

"रोज?"

"हो. बसून राहायचो मागे. लक्ष नसायचं."

एसोहेला खांदे सैल झाल्याचं जाणवलं. ते आधी झाले आणि लाज नंतर आली. मध्ये तिला कळावं एवढं अंतर होतं.

गिलियन अजून तिच्याकडे बघत होती. एसोहेने हातमोजे मांडीवर सरळ केले, एकावर एक, बोटांवर बोटं जुळवून. शेवटी गिलियनने चष्मा चढवला आणि पत्राची घडी मूळ रेघेवर घालून ते ओसागिएच्या हातात दिलं.

"मग हा अर्ज मला पुढे पाठवता येणार नाही. निबंधांसाठी प्राध्यापकांना विचारून बघ, पण मी आशा लावत नाही."

"चालेल."

"आणि एक लक्षात ठेव." ती उठली आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं. तिच्या आवाजात माया होती, आणि ती खरी होती. "पुन्हा असं वाटलं तर स्वतःला ओढत वर्गात आणू नकोस. घरीच राहा. तू आला नाहीस की आम्हाला लगेच कळतं बघ. कुणी ना कुणी येतंच."

ओसागिएने हातातलं बिस्किट, जे त्याने खाल्लं नव्हतं, कोटाच्या खिशात ठेवलं.

"थँक यू," तो म्हणाला.