मुलांचा रकाना

विभावरीचं ऑफिस न्यूझीलंडात, जॉन्सनव्हिलमध्ये, दूध-पाव विकणाऱ्या एका डेअरीच्या वरच्या खोलीत. पुण्या-मुंबईहून मुलांकडे आलेले आईबाप तिथे येऊन बसायचे आणि ती त्यांचे कायम राहण्याचे अर्ज भरून द्यायची. २००४ च्या ऑगस्टात मात्र तिच्यासमोर एक साहेब येऊन बसला. साहेब म्हणजे अगदी अस्सल, विलायतेचा माजी मंत्री.

सर हंफ्री गॉडबी, वय एक्याऐंशी. कुणी विचारलं नव्हतं, तरी त्याने आपली सगळी कारकीर्द सांगितली. आधी वकिली, मग हुजूर पक्षाचा खासदार. ऐंशीच्या दशकात परक्यांना देशात घ्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या खात्याचा राज्यमंत्री. सत्त्याण्णवला मजूर पक्षाची लाट आली, त्यात गडी आपटला. मग बायको गेली. आता जवळच अप्पर हट गावात मुलगी होती, फिलिपा, तिच्याकडे राहायचं होतं. डिसेंबरात व्हिसा संपत होता. अर्ज फेटाळला गेला तर परत इंग्लंड आणि तिथला वृद्धाश्रम.

विभावरी ऐकत होती, पण तिचे कान तापले होते. या माणसाची सही तिला अठरा वर्षं पाठ होती.

तेव्हा ती नवऱ्याबरोबर विलायतेत, लेस्टरला राहायची. तिचे वडील, बाळासाहेब, तासगावात एकटे. त्यांना बोलावून घ्यायचा तिने अर्ज केला. मुंबईला मुलाखतीत म्हाताऱ्याला विचारलं, मुलं किती? म्हातारा छाती काढून म्हणाला, एक मुलगी विलायतेत, दोन मुलगे गावी. ते मुलगे कसले, मेलेल्या भावाची पोरं. पण लहानाचं मोठं केलेल्या पोरांना आपल्याकडे कोण पुतणे म्हणतं? दोघंही ट्रकवर, वर्षाचे दहा महिने बाहेर. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी लिहून घेतलं, दोन मुलगे भारतात, सांभाळायला समर्थ. अर्ज नामंजूर.

विभावरीने थेट मंत्र्याला पत्र लिहिलं, खुलासा केला, हातापाया पडली म्हणा ना. उत्तर दोन ओळींचं आलं. स्वतःची मुलं मोजताना माणूस चुकत नाही, असं मंत्रिमहोदयांचं मत आहे. खाली सही, गॉडबी. पुढच्या उन्हाळ्यात बाळासाहेब घरात मरून पडले आणि तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने दार फोडलं. त्या दिवसापासून तिने या माणसाला शिव्याशाप दिले नाहीत असा दिवस गेला नव्हता.

आता त्याचा अर्ज तिच्या हातात होता. त्याने तो स्वतःच भरून आणला होता, सुंदर वळणदार अक्षरात. मुलांच्या रकान्यात लिहिलं होतं, तीन. एक न्यूझीलंडमध्ये, दोन इंग्लंडमध्ये.

इथला नियम सरळ होता. दुसऱ्या कुठल्याही देशात जेवढी मुलं, निदान तेवढी इथे हवीत. दोनाला एक म्हणजे अर्ज जागच्या जागी बाद.

"हे दोन मुलगे कोण, सर?" तिने विचारलं.

"माझ्या बायकोचे, तिच्या पहिल्या लग्नाचे. आमचं लग्न झालं तेव्हा त्यांना मिशा फुटलेल्या होत्या. दहा वर्षांत फोन नाही त्यांचा." म्हातारा ओशाळून हसला. "पण तिला शब्द दिला होता. त्यांना कधी सावत्र म्हणणार नाही."

असली मुलं या मोजणीत धरत नाहीत, चार ओळींचा खुलासा जोडला की भागतं. विभावरीला हे झोपेतही सांगता आलं असतं.

तिने पेन खाली ठेवलं आणि आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. नाव, गाव, साल, ती दोन ओळींची चिठ्ठी, सगळं. त्याने मान खाली घालावी, रडावं, निदान खोटं तरी बोलावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

त्याने आठवून पाहिलं. "नाही हो," तो म्हणाला. "आठवड्याला तीनशे फायली यायच्या. मी गाडीत बसून सह्या करायचो. मजकूर कारकून लिहीत. खरं सांगतो, मी एकही वाचली नाही. तुमच्या वडिलांचं वाईट झालं."

विभावरीच्या अंगाची लाही लाही झाली. मेल्याने निदान दुष्टपणा तरी करायचा होता. अठरा वर्षं ती ज्याच्याशी भांडत होती, त्याला ती आहे हेच ठाऊक नव्हतं.

"सगळं बरोबर आहे ना?" त्याने विचारलं. "फिलिपाशिवाय मला आता कुणी नाही."

तिने अर्ज पुन्हा उचलला. पहिल्या पानापासून, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश वाचला. मुलांच्या रकान्याशी आली, तो दोनदा वाचला, पेन मात्र उचललं नाही. मग शेवटचं पान त्याच्यापुढे सरकवलं.

"अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. "इथे सही करा."

त्याने सही केली आणि तिचा हात धरला. "किती काळजीने वाचलंत," तो म्हणाला. "आमच्या खात्यात तुमच्यासारखं एक माणूस असतं तर तुमचे वडील आले असते."

खाली फिलिपा गाडी घेऊन आली होती. विभावरीने त्याला धरून जिना उतरवला, गाडीत नीट बसवलं आणि अर्जाचं पाकीट टपालात टाकायला स्वतः गेली.