बुरशीला मानवलेलं पाणी

चार वर्षं! चार वर्षं विजयमाला गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवत होती, आणि आता बुरशीचं नाव काढलं तरी तिला जांभई यायची. शेवगावजवळच्या त्या शेतकी संशोधन केंद्रात तिचं काम एवढंच: बुरशीतून विकर, म्हणजे एन्झाइम, काढायचं आणि त्याच्या जोरावर कोंबड्यांच्या खाद्यासाठी मिथिओनिन हे अमिनो आम्ल तयार करायचं. पण ही बया विकर द्यायची ते नखभर. त्यात बहात्तरचा दुष्काळ. नळ कोरडे, कोंडा भिजवायचं डिस्टिल्ड पाणीसुद्धा नगरहून कॅनमधून यायचं.

आणि फेब्रुवारीतल्या एका खेपेला बाराही चंबूंत नेहमीच्या चौपट विकर निघालं! तिनं तीनदा मोजून पाहिलं. तिचे मार्गदर्शक रंगनाथ सर चष्मा पुसत म्हणाले, "पुन्हा करून दाखवा. मार्चअखेर दाखवलंत तर काम चालू राहील, नाहीतर ही खोली बियाण्याच्या पोत्यांना जाणार."

तोच कोंडा, तीच बुरशी, तेवढीच ऊब. तिनं सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा आपलं नखभरच. मार्चचे पाच दिवस उरले आणि विजयमाला पार थकून गेली.

शेवटी ती भांडी धुणाऱ्या कडूबाईवर खेकसली, "त्या खेपेला काय वेगळं केलंस गं? खरं सांग!"

"म्या काय बी केलं न्हाई, बाई," कडूबाई चाचरली. "फकस्त ती मोठी काचंची बरनी रिकामी हुती. दिवेलागनीला पान्याचं भांडं रितं ठिवू नये. मग वस्तीवरनं भांडी धुवायला आनलेली कळशी वतली तिच्यात. गाळून, हां!"

ती बरणी डिस्टिल्ड पाण्याची! विजयमाला आधी भडकली, मग मटकन स्टुलावर बसली आणि हसतच सुटली. वस्तीची विहीर पार तळाला गेलेली, पाणी मचूळ झालेलं. त्यातला कुठला तरी क्षार बुरशीला मानवला होता. कोंडा भिजवायला बाटलीभर मिळालं तरी पुरे होतं.

"ऊठ कडूबाई. आत्ताच्या आत्ता वस्तीवर चल."

दोघी उन्हातून कोसभर चालल्या. वस्तीवर पोचतात तो काय, विहिरीवर ही झुंबड! तासाभरापूर्वी सरकारी टँकर येऊन विहिरीत पाणी सोडून गेला होता. इतके दिवस बाया तळाशी उतरून वाटी वाटी खरवडत होत्या, आज बादल्या भरून वर येत होत्या. तळातलं मचूळ पाणी त्यात कुठल्या कुठे गेलं. कडूबाईनं ओंजळभर चाखून पाहिलं, आता ती नाचायचीच काय ती बाकी होती.

"बाई, बघा की! ग्वाड हाय, लई ग्वाड!"

मेला टँकर आजचा दिवस आला नसता तर, असं विजयमालाच्या मनात आलं. आणि लगेच तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

कडूबाईनं तिच्या हातातली बाटली घेतली, बादलीत बुडवून काठोकाठ भरली. "घ्या. आज कुनी न्हाई म्हननार न्हाई."

"बरं झालं गं," विजयमाला म्हणाली, आणि तिनं बाटली तोंडाला लावून ते सगळं पाणी पिऊन टाकलं.