गाण्याआधीचे तीस सेकंद

मराठी मंडळाच्या मृणालिनीबाईंचा फोन आला तेव्हा बबन साळवे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला लेकीच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. फोन ठेवला आणि त्यांनी लसणाची वाटी बाजूला सारली.

"जपानी गाणं चालतंय त्यांना," ते लेकीला म्हणाले. "माझं चालत नव्हतं. जपान्यांचं चालतंय!"

प्रणिताने लॅपटॉपवरून नजर वर केली नाही. "अण्णा, घेतायत ना दिवाळीच्या कार्यक्रमात? मग झालं की."

झालं कसं? बबनरावांच्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि तो होण्यासारखाच होता. हा माणूस पस्तीस वर्षं जालन्यात गायन पार्टी चालवत होता. दिवसा सायकलवरून टपाल वाटायचं आणि एप्रिल उजाडला की गावोगाव भीमगीतं गायची. पेटी, ढोलकी, मागे चार कोरसवाले आणि पुढे बबनरावांचा गळा. बायको गेल्यावर लेक त्यांना वर्षभरासाठी इकडे घेऊन आली. इथल्या थंडीत त्यांनी एक नवीन गाणं लिहिलं होतं, लंडनच्या गारठ्यात अर्धपोटी अभ्यास करणाऱ्या बाबासाहेबांचं. दिवाळीच्या स्नेहमेळाव्यात ते गावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मृणालिनीबाई मंडळाच्या सांस्कृतिक प्रमुख. या फोनच्या आधी मंडळाच्या एका बैठकीत त्यांनी गाणं पूर्ण ऐकून घेतलं आणि गोड हसल्या. "काका, आवाज काय पॉवरफुल आहे तुमचा! पण दिवाळीला आम्ही जरा लाइट ठेवतो. हे थोडं पॉलिटिकल होतं हो. आणि एप्रिलमध्ये तुमच्या लोकांचा वेगळा प्रोग्रॅम असतोच ना?"

तुमच्या लोकांचा! एक उपाशी पोरगा पुस्तक वाचतो यात पॉलिटिकल ते काय, हे त्या बाईने एकदा समजावून सांगावं. बबनराव तिथल्या तिथे खडे बोल सुनावणार होते, पण प्रणिताने त्यांचा हात दाबला. "जाऊ द्या ना अण्णा," ती घरी येताना म्हणाली. "मला इथे राहायचंय. माझ्या अस्मिताच्या सगळ्या मैत्रिणी या मंडळातल्याच आहेत."

बबनरावांनी जाऊ दिलं. लेकीच्या घरातला बाबासाहेबांचा फोटो बैठकीत नव्हता, आतल्या खोलीत कपाटाशेजारी होता. तो पहिल्या दिवशीच त्यांच्या नजरेला आला होता आणि त्याबद्दलही ते काही बोलले नव्हते. पण लागलं होतं. फार लागलं होतं.

त्यानंतरच्या रिकाम्या दुपारी फोनवर एकामागून एक गाणी आपोआप लागत होती, त्यात ती जपानी म्हातारी आली. किमोनो घातलेली, हातवारे नाहीत की काही नाही. बबनराव आडवे होते ते उठून बसले. ओळ संपत आली की ती बाई आवाज मध्येच मोडायची, वर चढवायची आणि खाली आणून थरथरत सोडायची. रडू अख्खं कडवंभर कोंडून धरायचं आणि शेवटच्या शब्दाला तेवढी वाट करून द्यायची. शब्द एक कळत नव्हता, तरी त्यांच्या काळजाचं पाणी झालं.

"अगं, हा गळा आपल्याकडचा आहे!" ते ओरडले.

दहा वर्षांच्या अस्मिताने फोनमध्ये डोकावून पाहिलं. "आजोबा, दॅट्स जॅपनीज."

"भाषा असेल जपानी. गळा ऐक."

अस्मितानेच शोधून सांगितलं की याला एन्का म्हणतात. बंदरावर वाट पाहणारी बाई, गावाकडे राहिलेली आई, दारूच्या गुत्त्यात एकटा बसलेला माणूस, अशी गाणी असतात. तिकडची तरुण मुलं म्हणे याला म्हाताऱ्यांचं रडगाणं म्हणतात. "म्हणजे नाक मुरडणारे तिथेही आहेत," बबनराव समाधानाने म्हणाले आणि दिवसभर तेच ऐकत राहिले.

प्रणिताच्या हूफडॉर्पच्या ऑफिसात एक जपानी सहकारी होता. त्याची आई सेत्सुको आम्स्टलफेनला दर बुधवारी दुपारी सात-आठ म्हाताऱ्यांना जमवून एन्का म्हणायची. बबनराव ट्रेन आणि बस बदलत तिथे जाऊ लागले. वहीत देवनागरीत शब्द उतरवून घ्यायचे. शब्द चुकायचे, पण सूर एकदाही चुकला नाही. हे कुठे शिकलात, असं सेत्सुकोबाईंनी हातवाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी आपलं लंडनचं गाणं म्हणून दाखवलं. कुणाला अक्षर कळलं नाही. एका आजीने चष्मा काढून डोळे पुसले. सेत्सुकोबाई एवढंच म्हणाल्या, "सेम."

त्यांनीच ती रीतही शिकवली. एन्काच्या सुरुवातीला नुसतं वाद्य वाजत असतं, वीस-तीस सेकंद. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी सांगायचं, गाणारा कोण आहे, कुठून आलाय, मनात काय घेऊन आलाय. गाणाऱ्याने गप्प उभं राहायचं. "सिंगर नो टॉक," सेत्सुकोबाई म्हणाल्या. "फ्रेंड टॉक."

बबनरावांना ते फार पटलं. त्यांच्या पार्टीतही ढोलकी चालू असताना जोडीदारच त्यांची ओळख करून द्यायचा. म्हणून प्रणिताकडून कळल्यावर मंडळाने फोन करून जपानी गाणं मागितलं तेव्हा त्यांनी राग गिळून हो म्हटलं आणि सुरुवातीला बोलायच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहून मृणालिनीबाईंना दिल्या. 'हे बबन साळवे, जालन्याच्या भीमगीत गायन पार्टीचे गायक. पस्तीस वर्षं ज्या गळ्याने बाबासाहेबांचं नाव गायलं, त्याच गळ्याने आज एका जपानी आईचं दुःख गात आहेत.' गाणं नाही तर नाही, निदान नाव तरी त्या हॉलमध्ये उच्चारलं जाईल.

"सुपर, काका!" मृणालिनीबाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

स्नेहमेळाव्याला हॉल भरलेला होता. सेत्सुकोबाई मुलाबरोबर दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. बबनराव स्टेजवर जाऊन उभे राहिले, साउंडवाल्या केतनने संगीत सुरू केलं आणि मृणालिनीबाई पैठणीचा पदर सावरत माइकवर आल्या.

"आमचे लाडके बबनकाका! रिटायर्ड पोस्टमन. आणि सत्तरीत चक्क पहिल्यांदा गायला शिकलेत, तेही जॅपनीज! सो क्यूट ना?"

टाळ्या पडल्या. पहिल्यांदा गायला शिकलेत! पस्तीस वर्षं या बाईने एका वाक्यात पुसून टाकली होती. सुरुवातीचं वाजवणं संपलं, गायची जागा आली आणि बबनरावांनी तोंड उघडलं नाही. अख्खं कडवं तसंच वाजून गेलं. मग त्यांनी हात वर केला.

"पुन्हा लावा."

"विसरलात का, काका? टेन्शन नका घेऊ."

"मी नाही विसरलो. तुम्ही विसरलात. कागद दिलाय मी तुम्हाला."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. केतनने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मृणालिनीबाईंचं हसू आता ओठांपुरतंच उरलं होतं. "तर बबनकाका जालन्याचे आहेत, तिथे ते लोकगीतं वगैरे गायचे."

लोकगीतं वगैरे. बबनराव पुन्हा गप्प राहिले. संगीत एकटंच वाजत राहिलं. मागून कुणीतरी "अहो, जेवणं खोळंबलीत" म्हणालं आणि लोक हसले. मृणालिनीबाई त्यांच्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "काका, प्लीज, सीन नका करू. मुलीचा तरी विचार करा."

तो घाव बरोबर बसला. तिसऱ्या रांगेत प्रणिता मान खाली घालून बसली होती. आपण चार महिन्यांनी परत जाऊ, हिला मात्र याच लोकांत राहायचंय. पोस्टमन तर पोस्टमन, क्यूट तर क्यूट. बबनरावांचे खांदे पडले. आयुष्यात कुठल्या स्टेजवर त्यांना इतकं लहान वाटलं नव्हतं.

"लावा," ते केतनला म्हणाले. "म्हणतो मी."

तिसऱ्यांदा ते वाद्य सुरू झालं. मृणालिनीबाईंनी माइक तोंडाजवळ नेला, तेवढ्यात तो त्यांच्या हातातून गेला. प्रणिता कधी उठून वर आली, हे कुणालाच कळलं नव्हतं. तिच्या हातात कागद नव्हता.

"हे बबन साळवे. माझे वडील. पस्तीस वर्षं यांनी भीमगीतं गायली. मी यांच्या पार्टीत कोरसला होते, दहावीपर्यंत. इथे आठ वर्षांत मी हे कुणालाच सांगितलं नाही. मागच्या महिन्यात यांचं बाबासाहेबांवरचं गाणं तुम्ही नको म्हणालात, तेव्हासुद्धा मी यांनाच गप्प बसवलं. एप्रिलमध्ये ज्या लोकांचा वेगळा कार्यक्रम असतो, त्यातली मी आहे. आता गळा ऐका."

टाळ्या पडल्या नाहीत. फक्त सेत्सुकोबाई, एक शब्द न कळता, जागेवरून उठून कमरेत वाकल्या. गायची जागा आली आणि बबनरावांनी ती बरोबर पकडली.

रीतीप्रमाणे ओळख करून देणाऱ्याने बोलून झालं की खाली उतरायचं असतं. प्रणिता उतरली नाही. ती वडिलांच्या मागे, डाव्या हाताला, कोरसच्या जागेवर जाऊन उभी राहिली.