काबरी अडली तवाचं तोंड

मी पहिल्याच दिवशी म्हनले होते, पोरी, ह्या मानसाला खुनी करू नको. पन माझं ऐकतंय कोन! आमच्या घरात माझं फकस्त मेंढ्या ऐकतेत, आन् त्या बी मूठभर दाना दाखवला तर.

खुनी म्हंजे पिक्चरातला. आमची रागिणी नांदेडला एडिटिंग शिकली. मंग हिंगोलीत एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं दोन वर्सं लोकांच्या हळदी आन् वराती कापून-जोडून देत बसली. औंदा काम सोडून घरी आली आन् म्हनली, माय, मला माझा सोताचा पिक्चर करायचाय. वीस मिनिटाचा. थरारपट. मी म्हनले, म्हंजे काय? तर म्हनली, बघनाऱ्याचा जीव टांगनीला लागला पायजे. म्हनले, मंग तुझ्या नोकरी सोडल्याचाच पिक्चर काढ की, माझा तर लागलाच हाय.

गोष्ट साधीच. तांड्यावरची रूपा, रागिणीची मैत्रीन, घरात एकली केस इंचरून राहिली. भायेर एक मानूस बसलेला, त्याच्या बाजूला कुऱ्हाड. आन् दाराची कडी आतून लावायची राहून गेलेली. बस्स.

खुनी म्हनून वारंगा फाट्यावरचा हॉटेलवाला गुलाबचंद ठरला होता. त्याला झुबकेदार मिशा हायेत. पन ऐन येळेला त्याची बायको म्हनली, उद्या गिऱ्हाईक चहा प्यायला भेलं तर? आन् त्यानं नाही म्हनून निरोप धाडला. त्या बाईला जी अक्कल होती ती माझ्या घरात कुनालाच न्हाई. आमचे मालक लगेच पुढं सरकले. "मी करतो की," म्हनले.

आता आमचे मालक, पुंजाजी, म्हंजे कोन, ते सांगते. वाटंवर मुंग्यांची रांग दिसली तर सारा कळप बांधाकडनं वळवनारा मानूस. गाव त्यांना आबा म्हनतं. रागिणी शिकायला गेली तवा घर खायला उठायचं, तवा गावातल्या बारक्या लेकरांनीच ह्यांना जगवलं. सकाळी चूळ भरायच्या आधी लेकरं आमच्या मेंढ्यांच्या वाड्यात. त्यात शेजारची दिपा, पाच वर्साची, ती तर ह्यांचं बोटच सोडत न्हाई. रोज सकाळी आमच्या दाराची कडी वाजवायची आन् म्हनायची, "आबाला धाडा." मी म्हनायची, अगं, मी बी हाय की घरात. तर म्हनायची, "तुमी नका येऊ."

म्हनून मी म्हनले, "आवं, लेकरं भेतील तुमाला."

तर हसले. "मला? मला कोन भेतंय? तू तरी कधी भेलीस का?"

आता ह्या मानसाला काय बोलावं!

रूपाचं आन् दाराचं शूटिंग पटकन झालं, पन ह्यांच्यासाठी तीन दिवस घातले आन् तिन्ही वाया गेले. रागिणी म्हनायची, आबा, दाराकडं खुन्शी नजरेनं बघा. हे दाराकडं बघायचे, मंग कॅमेऱ्याकडं वळून म्हनायचे, "राम राम."

"आबा, राम राम काहून घालता?"

"आगं, कोनी इतकं टक लावून बघून राहिलं तर राम राम घालू नये का? बरं दिसतं का ते?"

हातात कुऱ्हाड दिली, तर अंगठ्यानं धार बघितली आन् म्हनले, बोथट झाली, लावून आनतो. रूपा हसून हसून भुईवर बसली.

चौथ्या दिवशी रागिणी दमली. "आबा, ऱ्हाऊ द्या," म्हनली, "मी दुसरं कोनी बघते." मालक उठले. टोपी झटकली, डोक्यावर घातली आन् मेंढ्यांकडं निघून गेले. लेकीच्या पहिल्या कामात आपन उपेगी पडलो न्हाई, हे त्यांच्या पाठीवरनं सुदिक दिसत होतं. मला रडू आलं. खोटं काहून बोलू.

त्याच दुपारी काबरी अडली. काबरी म्हंजे आमची ठिपक्याची मेंढी, पहिल्यांदाच व्यायला झालेली. पिल्लू आडवं आलतं. मालक तिच्यासमोर उकिडवे बसले. पापनी हालंना, जबडा आवळलेला, कपाळावरनं घाम. काटे तोडायची कुऱ्हाड बाजूलाच पडलेली. रागिणी काट्यांच्या कुपाटीच्या मागं उभी राहून तासभर कॅमेऱ्यात घेत राहिली, आन् ह्यांना पत्ताच न्हाई. मला वाटलं, आठवन म्हनून घेत आसंल.

मंग आठ दिवस ती लॅपटॉपपुढं. एक दिवस मी भाकरी थापून राहिले होते, तर म्हनली, माय, इकडं ये, हे बघ.

बापाचं तोंड आलं. त्याच्यामागून काबरी दिसायला पायजे होती, तर दिसली आमच्या दाराची कडी. उघडी, लोंबून राहिलेली. परत तोंड. मंग आत रूपा, गानं गुनगुनत केस इंचरून राहिली. परत तोंड, अजून जवळून. माघं मेंढ्यांच्या घंट्या वाजत होत्या, त्या हिनं एकदम बंद केल्या. कायच आवाज न्हाई. कडी हालली.

"आगं रूपे, कडी लाव की!" मी वरडले. हाताचं पीठ लॅपटॉपवर सांडलं.

रागिणी टाळ्या पिटून हसली. "माय, रूपाला काही माहीत न्हाई, पन तुला माहीत हाय. म्हनून तुझा जीव वर-खाली झाला. तिला बी माहीत असतं, तर तू निवांत भाकरी थापली असती."

तुकडे कसे कापायचे ते बी दाखवलं. पहिले लांब लांब ठेवायचे, बघनाऱ्याला वाट बघायला लावायची. मंग आखूड, अजून आखूड, तोंड, कडी, तोंड, कुऱ्हाड, की श्वास घ्यायला जागा न्हाई ठेवायची. आन् एके ठिकानी, जिथं कुनालाबी वाटंल की आता कापावं, तिथं कापायचंच न्हाई. बापाचं तोंड तिनं तसंच धरून ठेवलं. मी मनात धा आकडे मोजले, तरी सोडंना. पंचवीस वर्सं ज्या मानसाला भाकर वाढली, त्याला बघून माझ्या अंगावर काटा आला.

"पन हे तोंड तर काबरीसाठीचं," मी म्हनले. "त्यांना सांगितलंस?"

"न्हाई. आपन पिक्चरात हाव हे बघून एकदम खूश होतील. तू बी सांगू नको."

ते तोंड मी आधी बी कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. आठवंना, तवा सोडून दिलं.

ऐतवारी दुपारी शाळेत पिक्चर दाखवायचा ठरला. खोलीत अंधार पायजे, म्हनून खिडक्यांना आमच्या घोंगड्या लावल्या. सारं गाव आलं, तांड्यावरनं रूपाच्या घरचे बी आले. मालकांनी नवा पटका बांधला. दिपा त्यांच्या मांडीवर, हातात मुरमुऱ्याची पुडी.

तोंड आलं. कडी आली. माघून बाया वरडायला लागल्या, "कडी लाव गं पोरी!" एक म्हातारा काठी घेऊन उभाच राहिला. मी पिक्चर सोडून दिपाकडं बघून राहिले होते. तिनं पडद्यावरचं तोंड बघितलं. मंग मान वर करून ज्याच्या मांडीवर बसली होती त्याचं तोंड बघितलं. परत पडद्यावरचं. आन् गुपचूप खाली उतरली, लोकांच्या गुडघ्यातनं वाट काढत आईकडं गेली. पुडी मालकांच्या मांडीवरच ऱ्हायली.

दार ढकललं गेलं, पडदा काळा झाला, पिक्चर संपला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, रागिणीला लोकांनी डोक्यावर घेतलं. मालक बी टाळ्या वाजवून राहिले होते, पन पुडी सांडू नये म्हनून हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची कडी वाजली न्हाई. तिसऱ्या दिवशी बी न्हाई. मालक कळप घेऊन गल्लीतनं निघाले की लेकरं घरात पळायची आन् आतनं कड्या लागायच्या. खट. खट. खट. रूपानं जे केलं न्हाई ते साऱ्या गावची लेकरं करून राहिली होती. मोठी मानसं हसायची. पहिल्या दिवशी ह्यांनी बी हसून घेतलं.

चौथ्या दिवशी अर्धी भाकर ताटात ठेवली. माझ्याकडं न बघता म्हनले, "चांगुणा, खरं सांग. माझं तोंड तसं हाय का गं?"

"कसं?"

"तसं. आरशात मला बराबर दिसायचं. पन ते मशीन खोटं थोडंच बोलतंय? इतके दिवस लेकरं जवळ येत होती, त्यांना दिसलं नसंल."

माझं काळीज फाटलं हो. मशीनपुढं माझं सांगनं त्यांना पटनार न्हवतं. तशीच उठले आन् रागिणीपुढं जाऊन उभी राहिले. "घाल तो लॅपटॉप चुलीत! गाव भेलं म्हनून नाचून राहिलीस. तुझा बाप सोताच्या तोंडाला भेलाय, ते दिसतंय का तुला?"

तिचं तोंड एवढुसं झालं. लॅपटॉप उघडून बसली. मी चहा ठेवला, त्याच्यावर साय धरली तरी हात लावला न्हाई. उन्हं कलायच्या आधी लॅपटॉप उचलला, बापाचा हात धरला आन् थेट दिपाच्या ओट्यावर. मी मागोमाग.

दिपा आईच्या पदरामागं लपली. "मला न्हाई बघायचं!"

"नको बघू. नुसतं ऐक," रागिणी म्हनली आन् घंट्या लावल्या. आमच्याच मेंढ्यांच्या गळ्यातल्या. दिपानं पदरातनं एक डोळा भायेर काढला.

तेच तोंड. तोच आवळलेला जबडा, तोच घाम. दिपानं डोळा झाकून घेतला. पन ह्या बारीला तोंडामागून कडी आली न्हाई. काबरी आली, मान टाकलेली. परत तोंड. दोन बारकी खुरं. दिपाचा डोळा उघडला. परत तोंड. पिल्लू भुईवर पडलं, ओलं, हालंना. परत तोंड, आन् इथं तिनं ते धरून ठेवलं. घंट्या बंद. मला सारं माहीत होतं, तरी मी पदर चावला. मंग मालकांचे दोन हात आले, पिल्लाचं नाक-तोंड पुसलं, फुंकर घातली. पिल्लू शिंकलं.

"माझी भुरी!" दिपा वरडली. त्या पिल्लाचं नाव तिनंच ठेवलं होतं. "आबा भुरीसाठी भेले होते?"

"व्हय गं राणी," रागिणी म्हनली. "खुनी-बिनी कोनी न्हाई. ती कडी मी आनून घातली मधात. चूक माझी."

मालक माघं उभे होते. ते बी हे पहिल्यांदाच बघून राहिले होते. "हात्तिच्या," म्हनले, "हे काबरी अडली तवाचं तोंड हाय व्हय!" आन् दोन्ही हातानं गाल चाचपले, कुनी उसनं नेलेलं भांडं परत आनून दिल्यावर बघतेत तसं.

दिपा हसली, पन पदराभायेर आली न्हाई. तिची आई म्हनली, दमानं घ्या आबा, लेकरू हाय.

तवाच मला आठवलं, ते तोंड कुठं पाहिलं होतं. परत येताना वाटंत रागिणीला सांगितलं. "तू पोटात अडली होतीस, तवा दवाखान्याच्या खिडकीच्या गजातनं हेच तोंड दिवसभर आत बघून राहिलं होतं. नर्स म्हनली, बाई, भायेर कोन मानूस हाय, लई खुन्शी बघतो, हाकलू का? मी म्हनले, नका हाकलू, येनाऱ्या लेकराचा बाप हाय त्यो."

रागिणी वाटंतच थांबली. "मी त्या तोंडाचे तुकडे केले, माय," म्हनली, आन् माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मी तिचे कान उपटायचे ठरवले होते, ते ऱ्हाऊनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं होते. मेंढ्या वरडून राहिल्या होत्या, पन मालकांचं जायचं नाव न्हाई. ओसरीवर उकिडवे बसले होते, दाराकडं बघत. जबडा आवळलेला, पापनी हालंना. मी पीठ मळायची थांबले. रागिणी अंथरुनात उठून बसली. मी मनात आकडे मोजले, धा झाले, वीस झाले.

कडी वाजली.

"कोन हाय?" मी मुद्दाम वरडले.

"मी हाय. आबाला धाडा. तुमी नका येऊ."