वासावरचा निकाल

गिरगावात मुगभाटातल्या एका चाळीत हेरंबराव टिल्लू राहत असत. सरकारी कचेरीत कारकून, डोक्यावर पगडी, खांद्यावर घडीचे उपरणे, आणि या सगळ्यांहून मोठा दागिना म्हणजे मद्यनिषेधक मंडळीचे चिटणीसपद. सन अठराशे पंचाण्णवच्या मुंबईत अशी मंडळे पैशाला पासरी होती. हेरंबरावांच्या मंडळीचे सभासद दर रविवारी जमत, चहा पीत आणि परळ-लालबागचा मजूर किती रसातळाला गेला आहे यावर हळहळत. आपल्याच आळीतल्या बंगल्यांच्या मागच्या दाराने रिकाम्या बाटल्यांची खोकी बाहेर पडत, ती मात्र कुणाच्या नजरेस येत नसत. ज्या घरातून वर्गणी येते त्या घराच्या मागच्या दाराकडे पाहण्याची मंडळीत पद्धतच नव्हती!

हेरंबरावांना आपल्या नाकाचा फार अभिमान. "माणसानं नुसता श्वास सोडावा," ते म्हणत, "मी सांगतो, प्यालाय की नाही!" आणि सभासद माना डोलवत.

एका रविवारी सकाळी ते लालबागच्या नाक्यावर, नाकाला रुमाल लावून, व्याख्यान झोडून परत निघाले होते. एवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. वळून पाहतात तो रस्त्यात एक रेकला तिरका झालेला, त्याचा बैल गुडघ्यांवर आलेला. रेकल्याला घासून एक तुकतुकीत घोड्याची बग्गी उभी. आणि दोहोंच्या मध्ये लक्ष्मी नावाची भाजीवाली पाय धरून विव्हळत पडलेली. तिची मेथी आणि वांगी रस्ताभर पसरली होती.

रेकला होता वरळीच्या हरेश्वर कोळ्याचा. भायखळ्याच्या बाजारात मासळी उतरवून तो रिकाम्या पाट्या घेऊन घरी चालला होता. बग्गी हाकत होते एका बड्या कापूसवाल्याचे चिरंजीव, शेजारी त्यांचा एक मित्र. या चिरंजीवांना सगळे छोटे शेठ म्हणत.

हवालदार धावत आला. आधी त्याने बग्गीच्या घोड्याचा लगाम धरला, शेठना खाली उतरायला हात दिला आणि सलाम ठोकला. मग हरेश्वरला बंडी धरून खाली खेचले.

"ए, तोंड उघड!"

हरेश्वर झोकांड्या खात होता. डोळे तांबारलेले, ओठ सुकून फुटलेले. "पानी," तो कसाबसा बोलला, "मना पानी द्या."

"बघा, जीभ पण वळत नाय! चढवून आलाय साला," हवालदार म्हणाला. त्याची नजर हेरंबरावांच्या पगडीवर गेली. "रावसाहेब, तुम्ही प्रतिष्ठित माणूस. जरा वास घ्या ना."

हेरंबराव पुढे झाले. नाकावरचा रुमाल घटकाभर दूर करून ते वाकले. सडत आलेल्या फळासारखा गोडसर, आंबूस दर्प आला.

"दारू!" त्यांनी जाहीर केले. "यात तिळमात्र शंका नाही. अहो, कोळ्याला दुसरं येतंय काय?"

जमलेले लोक हसले. छोटे शेठ कपाळ पुसत जवळून गेले तेव्हा गुलाबाच्या अत्तराचा भपकारा आला, आणि अत्तराच्या खालून आणखी कसला तरी उग्र वास. हेरंबरावांचे नाक क्षणभर फुरफुरले. पण शेठ हात जोडून म्हणाले, "आपल्यासारखे सभ्य साक्षीदार भेटले म्हणून बरं झालं, राव," आणि ते विख्यात नाक तिथेच शांत झाले.

हरेश्वरला दोरी लावून चौकीवर नेले. लक्ष्मीला एका हातगाडीवर घालून इस्पितळात पाठवले. छोटे शेठ बग्गीत बसून घरी गेले. कोणाचे चाक कोणाला लागले, हे लक्ष्मीला विचारावे असे एकालाही सुचले नाही. वास सापडला होता. आता आणखी काय हवे?

दुसऱ्या दिवशी हेरंबराव कचेरीतून येऊन टेकतात तोच हरेश्वरची बायको रखमा दारात येऊन उभी राहिली. विचारत विचारत ती वरळीहून गिरगावपर्यंत चालत आली होती.

"साहेब, माजा घरवाला पिलेला नव्हता. देवाची आन. आवंदा तो थेंबाला शिवला नाय."

"सगळ्यांच्या बायका हेच सांगतात," हेरंबराव पगडी खुंटीला लावत म्हणाले. "मी स्वतः वास घेतलाय, बाई."

"वास येतो, साहेब! मना बी येतो. घरात बसून असला तरी येतो. तो आजारी हाय. हंडा हंडा पानी पितो, तरी घसा कोरडा. जेवतो राक्षसावानी नि अंग झडून चाललंय. मोरीत जाऊन आला की मुंग्या लागतात."

"उद्या म्हणशील मुंग्याच दारू पितात! जा. कोर्टात काय ते सांग."

रखमा जिना उतरू लागली. आतून हेरंबरावांची पत्नी सुभद्राबाई बाहेर आल्या. एरवी त्या परक्या माणसांच्या बोलण्यात पडत नसत.

"राग येणार नसेल तर एक सांगते. माझ्या वडिलांना हेच झालं होतं. मुंग्या, तहान, सगळं हेच. त्या बाईला खालच्या डॉक्टरांकडे तरी पाठवावं."

"तुम्हा बायकांना कुणाचाही कळवळा येतो," हेरंबराव म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पदर खोचून सुभद्राबाई स्वतःच जिना उतरल्या आणि रखमाला डॉक्टर माधवरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

माधवराव वयाने साठीकडे झुकलेले, विद्येने थोर आणि जिभेने तिखट. त्यांनी रखमाचे सारे ऐकून घेतले, टोपी घातली आणि गाडी करून थेट चौकी गाठली. हरेश्वर फरशीवर पडला होता. दारुड्याची धुंदी आपोआप उतरेल म्हणून त्याला पाणीसुद्धा बेतानेच मिळत होते. डॉक्टरांनी त्याला तपासले, स्वतः जामीन राहून बाहेर काढले, दवाखान्यातल्या खाटेवर निजवले, आणि मग हेरंबरावांना खाली बोलावणे धाडले.

"या, नाकवाले!" डॉक्टर म्हणाले. "तुमच्या कोळ्याची दारू कधी उतरायची होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे काल सकाळी धरलेला माणूस आज दिवेलागणीलाही त्याच वासाचा आहे. पोलिसांच्या कोठडीत गुत्ता उघडलाय काय?"

"मला स्पष्ट वास आला होता, डॉक्टर. मी खोटं बोललो नाही."

"खोटं बोलणारा परवडतो हो! त्याला निदान आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. डोळे मिटा."

हेरंबरावांनी कुरकुरत डोळे मिटले. डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरून पडद्याआड नेले आणि कुणासमोर तरी वाकवले. तोच गोडसर, आंबूस दर्प!

"हाच!" हेरंबराव ओरडले. "दारू. हा कालच्यापेक्षाही जास्त प्यालाय. तुमच्या दवाखान्यात असली माणसं..."

"उघडा डोळे."

समोर खाटेवर बसले होते वेदशास्त्रसंपन्न धुंडिराजशास्त्री! ठाकूरद्वारचे शास्त्रीबोवा, नळाचे पाणीसुद्धा न पिणारे, सोवळ्यात जन्म काढलेले. हेरंबरावांच्या मुलाची मुंज त्यांनीच लावली होती. शास्त्रीबोवांचे डोळे रागाने आणि अपमानाने भरून आले होते.

"हेरंबा," ते क्षीण आवाजात म्हणाले, "मी प्यालोय?"

हेरंबरावांनी वाकून शास्त्रीबोवांच्या पायांना हात लावला.

"मधुप्रमेह," डॉक्टर म्हणाले. "शास्त्रीबोवांनाही तोच आणि हरेश्वरलाही तोच. रोग वाढला की श्वासाला असा वास सुटतो. चालताना तोल जातो, बोलणं अडखळतं. शास्त्रीबोवा रस्त्यात पडले असते तर तुम्ही धावत जाऊन तोंडावर पाणी मारलं असतं. हरेश्वर पडला तर दोरी! रोग एकच हो, फक्त जात बदलली."

"पण मग दारू प्यालेला ओळखायचा तरी कसा? कुणी प्यालेला गाडी हाकत सुटला तर त्याला मोकळा सोडायचा?"

"मुळीच नाही. त्याला धराच. प्यालेल्या माणसाच्या हाती लगाम देणं म्हणजे खून करायला सुरी देणं आहे. पण धरल्यावर लगेच डॉक्टरला दाखवा. थोड्या वेळानं पुन्हा तपासा. दारू उतरते, रोग उतरत नाही. वास हा संशय आहे, हेरंबराव, पुरावा नव्हे. आणि घ्यायचाच असेल तर सगळ्यांचा घ्या. बग्गीवाल्याच्या तोंडाला नाक लावलंत?"

हेरंबराव उपरण्याची घडी सारखी करू लागले.

"त्या बाईच्या पायावर चाक कुणाचं गेलं?"

"मी... मी पाहिलं नाही. आवाज ऐकून मागे वळलो."

"तिला विचारलंत?"

"नाही," हेरंबराव म्हणाले.

"धन्य आहे!" डॉक्टर म्हणाले. "एकदा नाकानं निकाल दिला म्हणजे डोळ्यांना आणि कानांना सुट्टी!"

दुसऱ्या दिवशी कचेरीला दांडी मारून हेरंबराव इस्पितळात गेले. लक्ष्मी पायाला फळ्या बांधून पडली होती. त्यांनी अवघडून प्रश्न विचारला, तशी ती उसळलीच.

"आत्ता इचारताय? घोड्याच्या गाडीचं चाक गेलं माज्यावरनं! शेठ कसा भरधाव आला, हातात लगाम सैल, शेजारच्याशी खिदळत. त्या रेकलेवाल्यानं मला वाचवायला बैल आडवा घातला. नायतर चाक डोक्यावरनंच जायचं. मी बोंबलून सांगत होते, पर तुम्ही समदी त्याच्या तोंडात वाकून बघत होता!"

ज्याने बाईचा जीव वाचवला, त्याला आपण दोरी लावायला लावली! हेरंबरावांना त्या इस्पितळात उभे राहवेना.

खटल्याच्या आदल्या संध्याकाळी मंडळीचे अध्यक्ष घरी आले. छोट्या शेठच्या वडिलांनी मंडळीला सभागृह बांधून देण्याचे कबूल केले होते. "तुम्ही फक्त वासाचं सांगा," अध्यक्ष म्हणाले, "बाकी फाटे कशाला फोडायचे?" सुभद्राबाई दाराआड उभ्या होत्या. हेरंबरावांनी एकवार तिकडे पाहिले आणि अध्यक्षांचे उपरणे त्यांच्या हाती देऊन त्यांना निरोप दिला.

पोलीस कोर्टात मॅजिस्ट्रेटने विचारले, "आरोपीच्या तोंडाला दारूचा वास येत होता?"

"वास येत होता, साहेब. तो दारूचा होता असं मी तेव्हा म्हणालो. ते चूक होतं. धडक मी पाहिली नाही. या माणसाचा वास घेतला, कारण तो कोळी होता. बग्गीवाल्या शेठचा घेतला नाही, कारण ते शेठ होते. त्यांच्याही तोंडाला वास होता. कशाचा ते शपथेवर सांगू शकत नाही. पण तो विचारण्याची माझी छाती झाली नाही. त्या जखमी बाईला विचारा. तिनं सगळं पाहिलंय."

कोर्टात कुजबुज उठली. हवालदाराने नजर खाली घातली. मॅजिस्ट्रेट कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "शेठ आज या कोर्टापुढे आरोपी नाहीत." पण डॉक्टरांची आणि लक्ष्मीची साक्ष झाली आणि हरेश्वर निर्दोष सुटला. छोट्या शेठना पोलिसांकडून ताकीद मिळाली, नुसती ताकीद. त्यांची बग्गी पुढच्या रविवारी तशीच लालबागवरून दौडत गेली. कायद्याचे नाक तेव्हाही अत्तरापाशीच थबकले!

हेरंबरावांचे चिटणीसपद गेले. मंडळीने ठराव करून कळवले की त्यांच्या वर्तनाने दारुड्यांना उत्तेजन मिळते. त्यांनी तो कागद वाचून हसून बाजूला ठेवला.

हरेश्वर पुढे फार जगला नाही. त्या रोगावर तेव्हा इलाज नव्हता. डॉक्टरांनी पथ्यपाण्याने शक्य तेवढे रेटले, पण मार्गशीर्षात तो गेला. वरळीला हेरंबराव मयताला गेले तेव्हा रखमा त्यांना एवढेच म्हणाली, "आपल्या घरात मेला, साहेब. बेवडा म्हणून कोठडीत नाय मेला."

त्यानंतरही हेरंबराव रविवारी लालबागला जात आणि दारूविरुद्ध बोलत. पण आता रुमाल नाकाला लावून नव्हे. कोणाला रस्त्यात धरले की ते मध्ये पडून म्हणत, "आधी डॉक्टर आणा, मग दोरी आणा. आणि दुसऱ्या गाडीवाल्यालाही खाली उतरवा."

नागरिकहो, दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नको. पण जी कसोटी रोगी आणि दारुडा यांतला फरक ओळखत नाही, तिच्या भरवशावर माणसाला आत टाकणे हा न्याय नव्हे. ती आपल्या आळसाची सोय आहे. आणि जो कायदा रेकल्यावरच्या माणसाचे तोंड उघडायला लावतो आणि बग्गीतल्या माणसापुढे आपलेच तोंड मिटून घेतो, त्याला कायदा म्हणायचीही लाज वाटली पाहिजे. पुरावा पक्का असावा आणि तो सगळ्यांकडून सारखा मागावा. एवढे जमत नसेल, तर आपण साक्षीदार म्हणून पुढे होऊ नये!